धूर खाणारं शेवाळ

चिखलात पाय घालायची ज्याला एवढी किळस, त्या माणसाने शेवाळासारखा विषय निवडावाच कशाला, हा प्रश्न मला आमच्या साहेबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच पडला. ते उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्याला लाँचमधून आले तेव्हा ओहोटी होती. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, म्हणून दोन खलाशांनी त्यांना खुर्चीत बसवून किनाऱ्यावर आणलं. खुर्चीतूनच त्यांनी चहूकडे पाहिलं आणि मला विचारलं की इथे प्यायचं पाणी उकळून मिळतं का. मी त्यांचा साहाय्यक म्हणून नेमलेलो होतो. वय सव्वीस, लग्न झालेलं, आमच्या गावातला पहिला बी.एस्सी. त्या बी.एस्सी.चा मला केवढा माज होता, ते पुढे येईलच.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. देशात धान्य कमी होतं, खाणारी तोंडं जास्त होती आणि उपाय सुचवणारे त्याहून जास्त होते. साहेबांचा उपाय असा, की डोळ्यांना एकेकटं दिसणारही नाही इतकं बारीक हिरवं शेवाळ पाण्यात वाढवायचं. त्याला वाढायला कर्बवायू लागतो आणि तो कारखान्याच्या धुराड्यातून रात्रंदिवस वाया जातो. तेव्हा धुराचा पाइप थेट पाण्यात सोडायचा, शेवाळाने कर्बवायू खायचा, मग ते शेवाळ वाळवून त्याचं पीठ करायचं आणि ते गरिबांनी खायचं. साहेब स्वतः ते पीठ खाणार का, हे मुंबईच्या त्यांच्या संस्थेत कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. ते दर शुक्रवारी जेवायला मुंबईला जात.

आमचं गाव उरणच्या पुढे, शेव्याच्या बाजूला, खाडीलगत. तिथे एक पुठ्ठ्याचा कारखाना उभा राहिला होता आणि त्याचं धुराडं आमच्या मिठागराच्या अगदी बोडक्यावर. मिठाचा हंगाम कोरड्या दिवसांतला. त्या दिवसांत सकाळचा वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे सगळा धूर आमच्या वाफ्यांवरून जाणार. धुराडं पेटल्यापासून दोन हंगाम बाबांच्या मिठावर काजळी बसत होती. पेणचा व्यापारी यायचा, मूठभर मीठ तळहातावर घ्यायचा, बोटाने फिरवायचा आणि काही न बोलता परत ढिगावर टाकायचा. तो बोलला असता तर बाबांनी त्याच्याशी भांडण तरी केलं असतं. तिसरा हंगामही असाच गेला तर आगर सोडून द्यायचं, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. मीठ पिकवण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून साहेबांना प्रयोगासाठी वाफे हवे होते तेव्हा मीच बाबांना गळ घातली. धुराड्याला लागून असलेले तीन वाफे द्या, म्हटलं. शेवाळ जगलं तर मोठी समिती येईल, समितीला पटलं तर धुराड्याचा सगळा धूर पाण्यातून जाईल आणि काजळी पाण्यातच राहील. कारखान्याचा मॅनेजर याला कबूल होता. खर्च संस्थेचा आणि वर्तमानपत्रात फोटो त्याचा, मग कबूल व्हायला त्याचं काय जात होतं? नुसत्या आमच्या मिठासाठी त्याने एक बादली पाणीसुद्धा खर्च केलं नसतं. बाबांनी कागदावर अंगठा उठवला. वाफे कुणाचे आहेत हे साहेबांनी कधी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. कागदावरचा अंगठा माझ्या बापाचा आहे, हे सांगायची मला लाज वाटली. ही लाज मी तेव्हा व्यवहार समजत होतो.

साहेबांचं शेवाळ परदेशातून यायचं. कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या, वर लेबलं, आत हिरवा ठिपका. त्या नळ्यांना ते इतके जपायचे की मला हात साबणाने दोनदा धुवावे लागत. शुद्ध जात, असं ते म्हणायचे. मग ती शुद्ध जात मोठ्या बरणीत वाढायची, बरणी हिरवीगार व्हायची, साहेब खूश व्हायचे आणि मग आम्ही त्यात धूर सोडायचो. दुसऱ्या दिवशी हिरवं पिवळट व्हायचं, तिसऱ्या दिवशी पांढरं आणि चौथ्या दिवशी कुबट वास यायचा. दगडी कोळशाच्या धुरात नुसता कर्बवायू नसतो, गंधकही असतो. पाण्यात धूर गेला की पाणी इतकं आंबट होतं की निळा लिटमस बुडवताक्षणी लाल. आयुष्यभर साखरपाण्यावर वाढवलेल्या त्या शुद्ध जातीला हे कुठून झेपणार?

साहेबांनी यावर काय केलं? धूर धुवायला पाण्याचं पिंप बसवलं, मग पाइपाच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं, मग परदेशाला पत्र लिहून आणखी एक जात मागवली. ती मेली. मग आणखी एक. तीही मेली. दर महिन्याला मुंबईला अहवाल जायचा आणि तो मीच टाइप करायचो. त्यात लिहिलेलं असायचं की प्रगती समाधानकारक आहे. मेलेल्या शेवाळाच्या बरण्या मी बांधापलीकडे रित्या करायचो आणि आत येऊन समाधानकारक हा शब्द टाइप करायचो. साहेबांना माणूस म्हणून मी मोजणं त्याच सुमारास सोडून दिलं.

कारखान्याच्या बॉयलरमागून एक नाला वाहायचा. राख विझवलेलं पाणी, तेलाचा तवंग, कढत वाफ. त्या पाण्यात बेडूकही जगत नसे. एका सकाळी मी तिथे नाक दाबून उभा होतो, कारण मॅनेजरची वाट बघायची दुसरी जागा नव्हती, आणि मला नाल्याच्या दोन्ही कडांना बोटभर जाडीचं काळपट हिरवं काहीतरी चिकटलेलं दिसलं. राखेखाली, तेलाखाली, आंबट पाण्यात ते मजेत वाढत होतं. त्याला कुणी लेबल लावलं नव्हतं. मी ते काटकीने खरवडून डब्यात घेतलं आणि साहेबांना दाखवलं. साहेबांनी डब्यात न वाकताच पाहिलं आणि म्हणाले, ही घाण आहे, दूषित आहे, माझ्या बरण्यांच्या जवळपासही आणू नकोस.

मी ते फेकलं नाही. आमच्या प्रयोगाच्या शेडच्या मागे पत्र्याखाली सहा जुन्या बरण्या मांडल्या.

आता इथे मिठागराची एक रीत सांगितली पाहिजे. भरतीचं पाणी कुणी थेट मिठाच्या वाफ्यात घेत नाही. आधी ते मोठ्या तळ्यात कोंडायचं, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पुढे न्यायचं. प्रत्येक ठिकाणी त्याला ऊन खाऊ द्यायचं, थोडं थोडं जड होऊ द्यायचं. कुठलं पाणी पुढे सोडायचं आणि कुठलं अजून थांबवायचं, हे बाबा बोट बुडवून जिभेला लावून सांगत. घाई केली की मीठ धरत नाही. मी शेवाळाला हेच केलं. पिंपभर पाण्यात तासभर धूर सोडून ते आंबट करून घ्यायचं. पहिल्या बरणीत नऊ वाटे खाडीचं पाणी, एक वाटा ते धुराचं पाणी आणि नाल्यातलं शेवाळ. आठ-दहा दिवसांनी त्यातलं जे हिरवं राहिलं असेल ते दुसऱ्या बरणीत, तिथे धुराचं पाणी थोडं जास्त. तगेल ते पुढे जाईल, न तगेल ते तिथेच राहील. पहिल्या खेपेला चौथ्या बरणीत सगळं मेलं. दुसऱ्या खेपेला मी आईच्या पानाच्या डब्यातला चुना आणला. आमच्याकडे तो शिंपल्या भाजून करतात. तो नखभर टाकला की पाण्याचा आंबटपणा बोथट व्हायचा. तेवढ्या आधाराने ते चौथी बरणी पार करून गेलं आणि मग पाचवीत चुनाही लागला नाही.

ही रीत बाबांची होती हे मला पक्कं माहीत होतं. वहीत मात्र मी तिला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आणि बाबांना काहीच बोललो नाही. ते एकदा शेडमागे येऊन बरण्यांकडे बघत उभे राहिले होते, हे काय म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, प्रयोग आहे, तुम्हाला नाही समजायचं. ते बरं म्हणाले आणि गेले.

चार महिन्यांनी सहाव्या बरणीत निव्वळ धुराचं पाणी होतं आणि ते हिरवंगार होतं. मी त्याची परीक्षा घेतली. चुन्याच्या निवळीत धूर सोडला की ती लगेच दुधासारखी पांढरी होते, तो कर्बवायूचा पुरावा. तोच धूर आधी माझ्या हिरव्या बरणीतून नेला आणि मग निवळीत सोडला, भर उन्हात. निवळी पांढरी व्हायला कितीतरी वेळ लागला. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला उचलून फिरवलं होतं. तिला वाटलं, पगार वाढला. तिला मी सगळं समजावून सांगितलं, नाला, बरण्या, निवळी, सगळं. बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते. त्यांना काही सांगावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग ते शेवाळ मी तिसऱ्या वाफ्यात सोडलं, पाइपावरचं फडकं काढून टाकलं आणि काळाकुट्ट धूर तसाच आत जाऊ दिला. काजळी तळाला बसली आणि शेवाळ वाढत राहिलं. लांबच्या कडेपेक्षा पाइपाच्या तोंडाशी ते जास्त दाट होतं. जणू जेवायला बसलं होतं. मला इतका आनंद पुढे माझ्या स्वतःच्या मुलांच्या निकालानेही झाला नाही.

समिती यायला आठवडा राहिला आणि साहेबांची शेवटची शुद्ध जात मेली. तेव्हा साहेब पहिल्यांदा बांधावर आले. बूट काखोटीला मारून, विजार वर करून, तोंड वाकडं करत. त्यांनी तिसऱ्या वाफ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आपली जात इथे छान रुळलेली दिसते. आपली! मला वाटलं, म्हणू दे. वाफा हिरवा आहे, समितीला हिरवा दिसेल, धूर पाण्यात जाईल, बाबांचं मीठ पांढरं होईल. श्रेय काय चाटायचंय? असा उदारपणा मी दाखवला खरा, पण त्यातही साहेबांना मनातल्या मनात कवडीमोल ठरवण्याचं सुख होतंच.

मग साफसफाई सुरू झाली. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. साहेबांनी शेडमधलं झाडून सगळं काचसामान घासायला लावलं. शेडमागच्या माझ्या सहा बरण्याही त्यात गेल्या. मी विरोध केला नाही, बी म्हणून अख्खा वाफा होता. मॅनेजरने बॉयलरमागचा नाला खरवडून घेतला आणि त्यात फिनेल ओतलं, पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून. भिंतींना चुना फासला. मी हे सगळं बघून हसत होतो. आमच्याच घरातून कुणी या सफाईत उतरेल, हे मला सुचलं नाही.

बाबांना समितीचं बायकोकडून कळलं. मुंबईचे मोठे लोक आपले वाफे बघायला येतायत, एवढंच. त्यांच्या अंगात जुन्या काळाची एक धास्ती होती. गोऱ्यांच्या वेळी मीठ खात्याचा साहेब तपासणीला यायचा. ज्याच्या वाफ्यात हिरवं दिसेल त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी निघायची, कारण हिरवं असलं की मीठ मऊ धरतं आणि वास मारतं. म्हणून साहेब यायच्या दिवशी पहाटे वाफा रिता करायचा, फळीने तळ खरवडायचा, मग माणसांनी खांद्याला खांदा लावून, एका ओळीत, पायांनी तो तुडवत जायचा, आणि भरतीचं ताजं पाणी आत घ्यायचं. तळ गुळगुळीत, पाणी नितळ. आमच्या लोकांत पाहुण्याचा याहून मोठा मान नाही. त्या दिवशी पहाटे बाबा चार माणसांना घेऊन तिसऱ्या वाफ्यात उतरले. माझी अब्रू राखायला.

मी आणि साहेब तेव्हा मोऱ्याच्या धक्क्यावर हार घेऊन उभे होतो. लाँच आली, चार सूट उतरले, जीपमधून कारखान्यात गेले, मॅनेजरकडे बिस्किटं खाल्ली, नितळ नाल्याचं कौतुक झालं. दहाच्या सुमारास आम्ही बांधावर आलो.

तिसरा वाफा आरशासारखा होता. पाइपातून धूर बुडबुडत होता आणि खाली तळाची माती स्वच्छ दिसत होती. हिरव्याचा टिपूस नव्हता. खरवडलेलं शेवाळ बांधाबाहेर ओहोटीच्या चिखलात फेकलेलं होतं आणि तेही भरतीने बरंचसं नेलं होतं. बाजूला बाबा उभे होते. धुतलेला सदरा, गुडघ्यापर्यंत चिखल, हात जोडलेले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला तो अजून बघवत नाही.

"साफ केलाय, साहेब," ते म्हणाले. "एक डाग न्हाय ठेवला."

समितीतल्या एकाने इंग्रजीत विचारलं की इथे नेमकं काय बघायचं आहे. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडे वळले आणि मराठीत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हा कोण मूर्ख आहे आणि याला वाफ्यात कुणी उतरू दिलं?

चारही सूट माझ्याकडे बघत होते. बाबाही माझ्याकडे बघत होते. हात अजून जोडलेलेच.

"इथलाच आहे, साहेब," मी म्हणालो. "अडाणी माणूस. त्याला काय समजणार."

बाबांनी हात खाली घेतले. फळी उचलली, खांद्यावर टाकली आणि बांधावरून गावाकडे चालू लागले. चार माणसं त्यांच्या मागून गेली. त्यातल्या एकाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि थुंकला.

समितीने दुपारी मॅनेजरकडे तळलेले पापलेट खाल्ले आणि चारच्या लाँचने ती परत गेली. महिन्याभरात संस्थेचं पत्र आलं की हे केंद्र बंद करण्यात येत आहे. साहेबांना मी हातापाया पडून विनवलं, चार महिने द्या, मी परत करून दाखवतो. ते म्हणाले, मुळात ती जातच अशुद्ध होती. नळ्यांच्या रिकाम्या पेट्या त्यांनी बरोबर नेल्या. मी नाल्यावर रोज जाऊन बघत होतो, पण फिनेल पडल्यापासून तिथे काही उगवलं नाही. कारखान्याला वाफ्यांच्या कडेची जागा राख टाकायला सोयीची वाटली.

समिती आली त्या संध्याकाळचं मात्र अजून सांगायचं राहिलं. मी घरी गेलो तेव्हा बायकोला सगळं कळलेलं होतं. तिने ताट वाढलं आणि एवढंच विचारलं की ते हिरवं काय आहे, कशासाठी आहे, हे बाबांना मी एकदा तरी सांगितलं होतं का. मी जेवलो नाही. बाबा मागच्या दारी दगडावर बसून पाय धूत होते. चिखल केव्हाच निघून गेला होता, तरी ते धूतच होते. मी माफी मागायला जाऊन उभा राहिलो.

ते वर न बघता म्हणाले, "मना सांगाचा व्हतास. मी राखला आसता."

सकाळी बांधावर मी जे बोललो त्याबद्दल ते त्या दिवशीही काही बोलले नाहीत आणि पुढे पंधरा वर्षं जगले तरी कधी बोलले नाहीत. तिसरा हंगाम काळाच गेला. त्यांनी आगर सोडलं. आधी काही दिवस ते सवयीने भरतीच्या वेळी बांधावर जाऊन येत, मग तेही थांबलं. स्वतःच्या आगरातलं मीठ ते नेहमी तळहातावर घेऊन बघत, पण वाण्याचं मीठ त्यांनी कधी तसं बघितलं नाही.

साहेबांची टवाळी मी आजवर पुष्कळ केली. बूट, खुर्ची, उकळलेलं पाणी, लोक पोट धरून हसतात. पण त्या सकाळी साहेबांना तो माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.